धावत घरात शिरला की घरात धावत राहिला? इंग्रजी फ्रेझल व्हर्ब फ्रेंचमध्ये नेताना

आधी एक छोटं काम करा. खालचं इंग्रजी वाक्य मनातल्या मनात मराठीत सांगा.

'ही रॅन इन्टु द हाउस.'

बहुतेकांनी 'तो धावत घरात गेला' किंवा 'तो धावत घरात शिरला' असं काहीतरी म्हटलं असेल. इंग्रजीत मुख्य क्रियापद होतं 'रॅन'. मराठीत मुख्य जागी 'गेला' किंवा 'शिरला' आलं आणि धावणं 'धावत' होऊन बाजूला सरकलं. ही अदलाबदल तुम्ही कुणी न शिकवता केलीत. फ्रेंच माणूसही जवळपास हेच करतो. तो म्हणतो, 'इल एत आँत्रे दाँ ला मेझों आँ कुराँ'. शब्दशः, 'तो घरात शिरला, धावत'.

यंत्रभाषांतराच्या मूल्यमापनावर काम सुरू केलं तेव्हा ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि त्यापायी माझे काही महिने वाया गेले. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यासारख्यांना त्या चुकीचा उपयोग होईल, म्हणून ती आधी सांगतो. इंग्रजी फ्रेझल व्हर्ब फ्रेंचमध्ये कसे जातात, हे त्याच चुकीतून उलगडत जाईल.

माझी तपासणी कुठे फसली

मी विज्ञान शाखेचा, संगणकशास्त्रातला. भाषाशास्त्र पुढे गरजेपोटी शिकलो. प्रश्न सोपा वाटला होता: इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करताना यंत्र फ्रेझल व्हर्बमध्ये किती चुकतं? मी इंग्रजी वाक्यं जमवली, त्यांची यंत्राने केलेली फ्रेंच भाषांतरं घेतली आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो इंग्रजी क्रियापद शोधायचा, शब्दकोशातून त्याचे फ्रेंच प्रतिशब्द काढायचा आणि त्यातला एखादा फ्रेंच वाक्याचं मुख्य क्रियापद म्हणून आलाय का, ते बघायचा. आला तर बरोबर, नाही तर चूक.

निकालाची यादी लाल खुणांनी भरून गेली. मला आनंद झाला, कारण 'यंत्र इतकं चुकतं' हे शोधनिबंधाला छान वाक्य होतं. गटातल्या चर्चेत मी आलेख दाखवला. फ्रेंच शिकवणारी एक मैत्रीण त्या दिवशी ऐकायला आली होती. तिने लाल खुणेची पहिली दहा वाक्यं मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "अरे, यातली बरीचशी अगदी नीट फ्रेंच आहेत. चूक काय आहे यात?"

मग तिने हिरव्या खुणेची वाक्यं मागितली. त्यात एक होतं: 'इल आ कुरू दाँ ला मेझों'. मूळ इंग्रजी वाक्य वर दिलेलंच. 'रॅन'साठी 'कुरीर', म्हणजे धावणे, हे क्रियापद बरोबर मुख्य जागी आलं होतं. प्रोग्रामने पैकीच्या पैकी गुण दिले होते. पण या फ्रेंच वाक्याचा सहज लागणारा अर्थ आहे 'तो घरात धावला', म्हणजे घराच्या आतल्या आत. संदर्भ फार स्पष्ट असेल तर 'धावत आत गेला' असाही अर्थ लावला जातो, पण पहिला अर्थ तो नाही.

थोडक्यात, माझी तपासणी चांगल्या भाषांतराला नापास करत होती आणि चुकीच्याला पास. आकडे नीट मोजलेले होते. मोजायला घेतलेली गोष्टच चुकीची होती.

1958 चं एक पुस्तक

ही गोष्ट भाषांतरकारांना जुनीच ठाऊक आहे. झाँ-पॉल व्हिने आणि झाँ दार्बेल्ने या दोघांनी 1958 मध्ये इंग्रजी-फ्रेंच तुलनात्मक शैलीवर एक पुस्तक लिहिलं. भाषांतरविद्येत ते आजही शिकवलं जातं. त्याची सुरुवात न्यूयॉर्कहून माँट्रियालला जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्यांपासून होते. रस्ता तोच, सूचना त्याच, पण सीमा ओलांडली की सांगण्याची पद्धत बदलते. कॅनडात दोन्ही भाषा रोज शेजारी-शेजारी लिहाव्या लागतात, त्यामुळे हा प्रश्न तिथे पुस्तकी राहत नाही.

या दोघांनी भाषांतराच्या सात पद्धती मांडल्या. त्यातली एक म्हणजे शब्दाचा व्याकरणातला वर्ग बदलणं: क्रियापदाचं क्रियाविशेषण करायचं, नामाचं क्रियापद करायचं. एकाच वाक्यात दोन शब्दांनी अशी एकमेकांशी जागा बदलली, तर त्याला फ्रेंचमध्ये 'शासे-क्र्वाझे' म्हणतात. हे नाव मूळ नृत्यातलं. जोडीदार एकमेकांसमोरून जात जागा बदलतात, ती चाल.

नेहमीचं उदाहरण बघा. 25 जुलै 1909 रोजी लुई ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी पार केली. इंग्रजी म्हणेल 'ब्लेरिओ फ्लू अक्रॉस द चॅनल'. फ्रेंच म्हणेल 'ब्लेरिओ त्राव्हेर्सा ला माँश आँन् आव्हियों', म्हणजे 'ब्लेरिओने विमानाने खाडी ओलांडली'. इंग्रजीतलं 'अक्रॉस' फ्रेंचमध्ये क्रियापद झालं, 'त्राव्हेर्से'. इंग्रजीतलं क्रियापद 'फ्लू' फ्रेंचमध्ये 'विमानाने' झालं. तसंच 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर' चं होतं 'इल आ त्राव्हेर्से ला रिव्हिएर आ ला नाझ', म्हणजे 'त्याने पोहून नदी पार केली'.

एक खुलासा करून ठेवतो. काटेकोर व्याकरणात 'रॅन इन' हा फ्रेझल व्हर्ब आहे, तर 'रॅन इन्टु द हाउस' मध्ये क्रियापद आणि त्यापुढचं संबंधदर्शक अव्यय आहे. परीक्षेत हा फरक महत्त्वाचा. आपल्या प्रश्नासाठी मात्र दोन्हीकडे यंत्रणा एकच आहे: दिशा सांगण्याचं काम क्रियापदाबाहेरच्या छोट्या शब्दाकडे दिलेलं असतं.

मार्ग कुठे, रीत कुठे

व्हिने आणि दार्बेल्ने यांनी अदलाबदल दाखवली. ती का होते याची सर्वांत उपयोगी मांडणी लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने केली. 1985 च्या एका दीर्घ लेखात आणि नंतर 2000 च्या दोन खंडांच्या पुस्तकात त्याने हालचालीचं वाक्य तुकड्यांत तोडून दाखवलं. आपल्याला त्यातले दोनच तुकडे हवेत.

पहिला, मार्ग: आत, बाहेर, वर, खाली, पलीकडे.
दुसरा, रीत: धावत, पोहत, लंगडत, चोरपावलांनी.

आता प्रत्येक भाषेला विचारायचं, तुझ्या मुख्य क्रियापदात यातलं काय बसतं? इंग्रजी सांगते, रीत. मार्ग ती 'इन', 'आउट', 'अप', 'डाउन', 'अक्रॉस' या बाहेरच्या शब्दांवर सोपवते. फ्रेंच सांगते, मार्ग. आँत्रे म्हणजे आत शिरणे, सोर्तीर बाहेर पडणे, मोंते वर चढणे, देसाँद्र खाली उतरणे, त्राव्हेर्से ओलांडणे. रीत हवी असेल तर मागून जोडायची, नको असेल तर सोडायची.

आपल्याकडे बघा. शिरणे, चढणे, उतरणे, निघणे, ओलांडणे, ही सगळी मार्गाची क्रियापदं. रीत येते 'धावत', 'रांगत', 'सरपटत' अशा 'त'कारान्त रूपात. इथवर आपण फ्रेंचच्या शेजारी बसतो. पण एक फरक आहे. मराठीत 'आत आला' की 'आत गेला', हे ठरवावं लागतं, म्हणजे बोलणारा कुठे उभा आहे ते सांगावं लागतं. फ्रेंच 'आँत्रे'ला त्याच्याशी देणंघेणं नाही. भाषांचे दोन डबे करून मोकळं होता येत नाही, हे इथेच कळतं.

खुद्द फ्रेंचसुद्धा पूर्णपणे एका डब्यात मावत नाही. 'फ्लाय अवे'साठी फ्रेंचमध्ये 'साँव्होले' आहे, 'रन अवे'साठी 'साँफ्युईर' आणि 'धावून येणे'साठी 'आकुरीर'. या तिन्हींत उपसर्ग दिशा सांगतो आणि धातू रीत, अगदी इंग्रजीसारखं, फक्त तुकडा पुढे चिकटलेला. आनेता कोपेका हिने 2006 मध्ये याच उपसर्गांच्या आधारे दाखवलं की फ्रेंचला निव्वळ एका प्रकारात टाकणं बरोबर नाही. सिद्धान्त वाचताना अपवादांची वही वेगळी ठेवा. पुष्कळदा पुढचा प्रश्न तिथून मिळतो.

सीमा ओलांडली की नियम बदलतो

माझ्या हिरव्या खुणेच्या वाक्याकडे परत येऊ. फ्रेंचमध्ये 'कुरीर' मुख्य क्रियापद म्हणून चालतच नाही, असं नाही. 'तो स्टेशनपर्यंत धावला' हे 'इल आ कुरू झ्यूस्का ला गार' असं निर्धास्त म्हणता येतं. मग 'घरात धावला' म्हणताना अडचण का येते?

कारण इथे उंबरठा ओलांडला जातोय. फ्रेंच, स्पॅनिश यांसारख्या भाषांत एखादी सीमा पार होत असेल, म्हणजे बाहेरून आत, आतून बाहेर, अलीकडून पलीकडे, तर ते पार होणं मुख्य क्रियापदानेच सांगावं लागतं. नुसतं एका टोकाकडे धावत जायचं असेल तर रीतीचं क्रियापद मुख्य जागी चालतं.

हे कळल्यावर चुकांची शिकार सोपी झाली. जिथे इंग्रजीत 'इन्टु', 'आउट ऑफ', 'अक्रॉस' आहे आणि फ्रेंचमध्ये रीतीचं क्रियापद मुख्य जागी बसलंय, तिथे आधी बघायचं. खऱ्या चुका बऱ्याचदा तिथे सापडतात, आणि शब्दाला शब्द जुळवणारी तपासणी त्यांनाच शाबासकी देते.

सगळे फ्रेझल व्हर्ब एका माळेचे मणी नाहीत

आतापर्यंत फक्त हालचालीचं बोललो. पण 'अप', 'आउट', 'ऑफ' हे शब्द इंग्रजीत निदान तीन वेगवेगळी कामं करतात. फ्रेंचमध्ये त्या प्रत्येकाची वाट निराळी आहे.

पहिलं काम दिशेचं. त्यासाठी अदलाबदल, ती आपण बघितली.

दुसरं काम क्रिया कुठवर गेली हे सांगण्याचं. 'ईट अप' मधल्या 'अप'ला वर-खालीशी संबंध नाही. त्याचा अर्थ 'पूर्ण, शिल्लक न ठेवता'. मराठी माणसाला हे चटकन कळतं, कारण आपल्याकडे याच कामाला दुसरं क्रियापद असतं: 'खाऊन टाक', 'पिऊन टाक', 'जळून गेलं'. फ्रेंचकडे 'अप'ही नाही आणि 'टाक'ही नाही. ती क्रियापदच बदलते. 'ईट अप' म्हणायचं तर 'फिनी तों आस्येत', म्हणजे 'तुझी थाळी संपव'. 'ही ड्रँक अप' चं 'इल आ व्हिदे सों व्हेर', म्हणजे 'त्याने पेला रिकामा केला'. इथे पिणं हा शब्दच गळला, तरी अर्थ जागेवर आहे. 'रीड ऑन' म्हणजे वाचत राहा, ते होतं 'काँतिन्युए आ लीर', म्हणजे वाचणं चालू ठेवणे. आणि जिथे 'बॅक' किंवा 'ओव्हर' पुन्हा या अर्थाने येतं, तिथे बऱ्याचदा एक 'र' पुढे लागून काम भागतं: 'कॉल बॅक'चं 'राप्ले', 'स्टार्ट ओव्हर'चं 'रकोमाँसे'.

तिसऱ्या गटात पूर्ण मुरलेल्या जोड्या येतात. 'गिव्ह अप' मध्ये देणंही नाही आणि वरही नाही. 'पुट अप विथ' मध्ये ठेवणं नाही. या जोड्यांना एकच शब्द समजून फ्रेंच प्रतिशब्द शोधायचा: सोडून देण्याला 'आबाँदोने', सहन करण्याला 'स्युपोर्ते', नकार देण्याच्या 'टर्न डाउन'ला 'रफ्यूझे'. अवघड भाग इतकाच की एका जोडीचे अर्थ अनेक असतात. 'मेक अप' म्हणजे गोष्ट रचणं, भांडणानंतर गट्टी करणं, रंगभूषा करणं, वाया गेलेला वेळ भरून काढणं. फ्रेंचमध्ये या चारींसाठी चार वेगळी क्रियापदं लागतात.

संगणकाला आणखी एक अडचण येते. इंग्रजीत या जोडीच्या मध्ये बाकीचं वाक्य घुसतं. 'ही टर्न्ड द ऑफर डाउन' मध्ये 'टर्न्ड' आणि 'डाउन' यांची ताटातूट झाली आहे. प्रोग्रामला दोन तुकडे वेगळे दिसतात, अर्थ मात्र एक. इव्हान सॅग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अशा शब्दसमूहांवर लिहिलेल्या निबंधाच्या नावातच त्यांना 'पेन इन द नेक' म्हटलंय. ते नाव स्वतःच असा एक शब्दसमूह आहे.

या तिसऱ्या गटात सुराचाही प्रश्न येतो. 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजवट आली आणि फ्रेंच शब्द इंग्रजीत दरबार, कायदा, शिक्षण यांच्या वाटेने शिरले. त्यामुळे इंग्रजीत 'गो इन' घरगुती आणि 'एन्टर' औपचारिक, 'गो डाउन' घरगुती आणि 'डिसेन्ड' भारदस्त. फ्रेंचमध्ये मात्र 'आँत्रे' आणि 'देसाँद्र' हे रोजचेच शब्द. म्हणजे दिसायला जुळे, वागायला वेगळे. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना 'ही डिसेन्डेड द स्टेअर्स' लिहिलं तर घरातलं पोर एकदम राजासारखं जिना उतरायला लागतं! आपण भारतात इंग्रजी मुख्यतः पुस्तकातून शिकतो, 'पुट ऑफ' पेक्षा 'पोस्टपोन' आधी शिकतो. त्यामुळे हा सूर बिघडलेला आपल्या कानाला चटकन टोचत नाही. खुणा करायला बसाल तेव्हा स्वतःची ही उणीव लक्षात ठेवा.

रीत ठेवायची की सोडायची?

आता खरा अवघड भाग. फ्रेंचमध्ये रीत मागून जोडावी लागते, आणि प्रत्येक वेळी जोडली तर वाक्य जड होतं. 'शी वॉक्ड इन्टु द रूम' चं 'ती चालत खोलीत शिरली' असं कोण म्हणेल? खोलीत माणसं चालतच शिरतात. फ्रेंच म्हणेल 'एल एत आँत्रे', संपलं. चालणं गळलं आणि काहीच बिघडलं नाही. पण 'शी लिम्प्ड इन्टु द रूम' मध्ये लंगडणं गाळलं तर? ती जखमी आहे, ही बातमी गेली. तिथे 'आँत्रे आँ ब्वाताँ', म्हणजे लंगडत, हवंच. 'टिपटो आउट' मध्ये चवड्यांवर चालणं हीच गोष्ट सांगायची असेल तर 'सोर्तीर स्यूर ला प्वँत दे प्ये' एवढं लांब लिहावंच लागेल.

मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. रीत गाळून वाक्य वाचा. पुढच्या परिच्छेदातलं काही कळेनासं झालं, किंवा माणसाविषयीचं आपलं मत बदललं, तर रीत ठेवा. नाहीतर जाऊ द्या.

एकेका वाक्यात हा निर्णय छोटा असतो. अख्ख्या पुस्तकात तो साचत जातो. डॅन स्लोबिन याने इंग्रजी कादंबऱ्या आणि त्यांची स्पॅनिश भाषांतरं पडताळली. स्पॅनिशही फ्रेंचप्रमाणे मार्ग क्रियापदात ठेवते. त्याला दिसलं की रीतीची माहिती भाषांतरात जवळपास अर्ध्याच ठिकाणी टिकली होती. पुढे त्याने 'द हॉबिट' च्या सहाव्या प्रकरणाची अनेक भाषांतली भाषांतरंही अशीच शेजारी ठेवून वाचली. यात कुणी भाषांतरकार आळशी होता असं नाही. इंग्रजीत रीत सांगायला जास्तीचा शब्द लागत नाही, इतर भाषांत लागतो, आणि जे फुकट मिळत नाही ते माणूस जपून वापरतो.

इथे घाईने एक निष्कर्ष काढायचा मोह होतो, की मग फ्रेंच लोकांना धावणं-लंगडणं कमी दिसतं का? सावकाश. आना पापाफ्रागू आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये इंग्रजी आणि ग्रीक बोलणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. ग्रीक या बाबतीत फ्रेंचच्या बाजूची. दृश्याचं वर्णन करायचंय असं आधी सांगितलं, तेव्हा दोन्ही गटांचे डोळे आपापल्या भाषेला लागणाऱ्या गोष्टीकडे वळले. नुसतं बघायला सांगितलं, तेव्हा सुरुवातीला दोघांची नजर सारखीच फिरली. भाषा बोलण्याच्या तयारीला वळण देते, एवढं यावरून म्हणता येतं. त्यापुढचं विधान करायला वेगळा पुरावा लागेल.

मग मोजायचं काय?

मैत्रिणीच्या त्या प्रश्नानंतर मी प्रोग्राम बाजूला ठेवला आणि वही घेतली. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायचं ठरवलं.

1. मार्ग फ्रेंच वाक्यात कुठेही आलाय का?
2. रीत कुठेही आली आहे का?
3. रीत आली नसेल, तर इथे ती गरजेची होती का?

'कुठेही' हा शब्द महत्त्वाचा. क्रियापद, उपसर्ग, क्रियाविशेषण, काहीही चालेल. मी शब्दाची जागा तपासणं सोडलं आणि माहिती पोहोचली का, ते तपासायला लागलो.

मग त्याच वाक्यांवर मैत्रिणीनेही स्वतंत्रपणे खुणा केल्या, माझ्या खुणा न बघता. पहिल्या दोन प्रश्नांवर आमचं सहज जुळलं. तिसऱ्यावर वारंवार वाजलं. तिला जिथे 'धावत' अनावश्यक वाटलं, तिथे मला ते हवं होतं. योगायोगाने होणारी जुळणी वजा करून खरी जुळणी किती हे काढायला जेकब कोहेनचा 1960 चा कप्पा गुणांक वापरतात. तिसऱ्या प्रश्नाला तो इतका कमी आला की मला लाज वाटली. नंतर कळलं, माहिती तिथेच होती. आम्ही दोघं एकटं वाक्य वाचून निर्णय घेत होतो, आणि रीत गरजेची आहे का हे एकट्या वाक्यावरून ठरतच नाही. आधीची-नंतरची काही वाक्यं सोबत दिली तेव्हा भांडणं बरीच कमी झाली. जी उरली ती खरोखर मतभेदाची होती. त्यांना आता मी चूक म्हणत नाही, 'दोन्ही चालतील' असा वेगळा रकाना ठेवलाय.

हाच धडा स्वयंचलित गुणांनाही लागू होतो. 2002 मध्ये आयबीएममधल्या संशोधकांनी मांडलेला ब्लू हा गुणांक यंत्राचं भाषांतर एका नमुना भाषांतराशी ताडून बघतो: एक, दोन, तीन, चार शब्दांचे किती तुकडे जुळले? नमुन्यात 'आँत्रे आँ कुराँ' आहे आणि यंत्राने 'स प्रेसिपिते', म्हणजे झपाट्याने घुसणे, वापरलं, तर भाषांतर चांगलं असूनही तुकडे जुळणार नाहीत. मोठ्या मजकुरावर सरासरीसाठी तो ठीक. 'यंत्राला फ्रेझल व्हर्ब येतात का' या प्रश्नाला तो उत्तर देऊ शकत नाही. आजच्या यंत्रांना नदी पोहून पार करण्यासारखी नेहमीची वाक्यं जमतात. अडचण येते ती कमी वापरातल्या जोड्यांत. 'ही वेव्ह्ड द कार ऑन' घ्या. हाताने खूण केली आणि गाडीला पुढे जायला सांगितलं, एवढं सगळं एका क्रियापदात आणि एका 'ऑन' मध्ये. फ्रेंचमध्ये ते उलगडून 'गाडीला पुढे जाण्याची खूण केली' असंच सांगावं लागतं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर

विषय कोणताही असो, माझ्या या फजितीतून तीन गोष्टी घ्या.

प्रोग्राम लिहिण्याआधी पन्नास वाक्यं हाताने वाचा. 'पास' झालेलीही वाचा. आपण सगळे नापास झालेली आधी बघतो, आणि माझी सर्वांत मोठी चूक हिरव्या खुणेखाली दडली होती.

निकाल तुम्हाला हवा तसा आला की जास्त संशय घ्या. ती लाल यादी पाहून मला आनंद झाला नसता, तर कदाचित मीच ती दहा वाक्यं वाचली असती.

तिसरी गोष्ट मराठीची. संशोधन इंग्रजी-फ्रेंचवर म्हणून मी मराठी दाराबाहेर ठेवून आलो होतो. 'धावत शिरला' आणि 'खाऊन टाक' मी लहानपणापासून बोलत होतो. ती दोन वाक्यं पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहिली असती, तर 'मुख्य क्रियापद जुळलं पाहिजे' ही अट मी घातलीच नसती. दोन परक्या भाषांमध्ये काम करताना तिसरी, आपली भाषा हाताशी असणं हा फायदा आहे. तो वापरा.

करून बघायचं असेल तर आवडत्या इंग्रजी कादंबरीचं एक पान घ्या, हालचालीची सगळी वाक्यं अधोरेखित करा आणि तेच पान मराठीत सांगा. 'इन', 'आउट', 'अप' कुठे गेले, रीत कुठे टिकली, कुठे गळली, आणि 'आला' की 'गेला' हे तुम्ही कशावरून ठरवलंत, ते शेजारी लिहा. फ्रेंच येत असेल तर तिसरा रकाना करा. तासाभराचं काम आहे, आणि माझे जे महिने गेले ते तुमचे वाचतील.